भवन देण्याआधी विचारा : सीमाभागातल्या पंचमंडळींना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ग्रामपंचायतींचे सदस्य, देवस्थान पंच कमिट्या, महिला मंडळं आणि युवक मंडळं यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या गावात देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला. सांधेदुखी, साखर, बीपी, मूतखडा, सगळ्यावर नैसर्गिक उपचार. मशीनवर संपूर्ण शरीराची तपासणी मोफत. सकाळी दहा वाजता समुदाय भवनात यावे. याच भवनात असलंच शिबिर मागच्या वर्षी झालं होतं. तिथून नेलेल्या पुडीनं एका बाईचं काय झालं, हे कमिटीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही भवन पुन्हा दिलं. का दिलं म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "आम्ही फक्त जागा देतो. घ्यायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं."

हे उत्तर मला मान्य नाही. चारचौघांत विचारून झालं, आता लिहून विचारते आहे. पत्र त्या एका कमिटीसाठी नाही. जांबोटीच्या जंगलापासून निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यापर्यंत अशी शिबिरं भरतात, आणि ती देवळाच्या, पंचायतीच्या, मंडळाच्या जागेतच भरतात.

माझं खानापूर तालुक्यात औषधाचं दुकान आहे. कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाची सिरपं, प्रोटीनचे डबे, च्यवनप्राश, अश्वगंधा हे सगळं मीही विकते. हिचा धंदा बसतो म्हणून ओरडते, असं कुणी म्हणेल. पण त्या शिबिरांमुळे माझं गिऱ्हाईक कमी होत नाही. शिबिरानंतर दोन-चार महिन्यांनी तीच माणसं माझ्याकडे वाढलेल्या साखरेच्या, पोटातल्या जळजळीच्या, सुजलेल्या पायांच्या चिठ्ठ्या घेऊन येतात. त्या चिठ्ठ्या वाचायला मला आता नको वाटतं.

पुडीनं जिचं काय झालं म्हणून वर लिहिलं, ती बाई माझी थोरली जाऊ. पोटरीभर चिखलात वाकून रोपलावण करण्यात जन्म गेला तिचा. पन्नाशीत गुडघे धरले. शिबिरातून आणलेली पुडी सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी ती कठडा न धरता पायऱ्या चढली. सगळ्या गल्लीनं बघितलं. त्याच आठवड्यात गल्लीतल्या आणखी बायकांनी पुडी मागवली. चार-पाच महिन्यांत तिचा चेहरा भरून गोल झाला, लोक म्हणाले तब्येत सुधारली. मग जरा कुठं लागलं की अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. घरात कुणाला नाही ती साखर तिला निघाली. पावसाळ्यात पुड्या संपल्या, विकणाऱ्याचा फोन लागेना. आठवडाभरात उलट्या, अंगात त्राण नाही, रक्तदाब इतका खाली गेला की ती बोलता बोलता कोसळली. बेळगावला नेल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सांधेदुखीची कुठली पुडी घेत होता?"

त्यांना तो प्रश्न सुचला, कारण असे रुग्ण त्यांच्याकडे नेहमी येतात. सांधेदुखीच्या बेनावी पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड, नाहीतर डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक कुटून घातलेलं असणं हा आपल्या देशातला जुना आणि पुन्हा पुन्हा सिद्ध झालेला प्रकार आहे. स्टिरॉइड वाईट औषध आहे असं नव्हे. दम्याच्या जोरात, काही गंभीर संधिवातात ते जीव वाचवतं, म्हणून तर ते चिठ्ठीवर आणि मोजून दिलं जातं. महिनोन्‌महिने बाहेरून आत जात राहिलं, की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन ग्रंथी शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणं थांबवतात. चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, साखर आणि बीपी वाढतं. आणि पुडी एकदम बंद झाली, तर शरीराकडे स्वतःचं काहीच उरत नाही. माझी जाऊ वाचली. ती अजून रोज ठरवून दिलेली गोळी घेते आणि डॉक्टर ती हळूहळू कमी करत आहेत. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात अशी पुडी चालू असेल, तर कृपा करून ती एका दिवसात बंद करू नका. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता तुमच्याविषयी. पंचमंडळी, तुम्ही फक्त जागा देत नाही. माझ्या जावेनं ती पुडी बसस्टँडवरच्या अनोळखी माणसाकडून कधीच घेतली नसती. ती आपल्या समुदाय भवनात मिळाली, देवळाच्या भोंग्यानं बोलावलं, टेबलाशेजारी कमिटीतले ओळखीचे चेहरे बसले होते, म्हणून तिनं घेतली. गावानं पिढ्यान्‌पिढ्या तुमच्यावर टाकलेला विश्वास त्या दिवशी त्या पुडीच्या नावावर जमा झाला. विकणाऱ्याला हे नीट कळतं. म्हणून तो बाजारात पथारी टाकत नाही, तुमच्या दारात येतो, देणगीची पावती फाडतो आणि श्रीफळ घेतो.

कायदाही "फक्त जागा" हे उत्तर ऐकून घेईल असं मला वाटत नाही. १९५४ चा औषधी व जादुई उपाय कायदा मधुमेह, रक्तदाब, संधिवात, मूतखडा, कर्करोग अशा आजारांवरच्या उपायांची जाहिरात करायला मनाई करतो. त्यात जाहिरात म्हणजे नुसता छापील कागद नाही. तोंडी केलेली किंवा आवाजाच्या साधनानं केलेली घोषणाही त्यात येते, आणि अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कुठल्याही प्रकारे भाग घ्यायला मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. देवळाचा भोंगा यात कुठे बसतो, हे कमिटीनं आपल्या गावातल्या एखाद्या वकिलाला विचारावं.

दुसरी तक्रार त्या मशीनबद्दल. हातात एक दांडी धरायला देतात, मिनिटभरात लॅपटॉपवर यकृत, मूत्रपिंड, कॅल्शियम, जीवनसत्त्वं, सगळ्याचा पानभर रंगीत रिपोर्ट येतो. मूठ धरून रक्तातलं कॅल्शियम किंवा बी-१२ मोजता येत नाही. त्याला रक्त काढावं लागतं, प्रयोगशाळा लागते. त्या रिपोर्टात प्रत्येकाला काहीतरी कमी निघतं आणि जे कमी निघतं त्याचा डबा टेबलावर ठेवलेलाच असतो. कर्नाटकात रोगनिदान करणाऱ्या खासगी जागेला २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागते. ती नोंदणी दाखवा, एवढं तरी कुणी विचारलं का? याहून मला डाचतं ते वेगळंच. खरी साखर वाढलेल्या माणसाला ती मशीन "ठीक आहे" म्हणते, आणि तो वर्षभर निवांत बसतो.

आजीच्या बटव्यावर माझा राग नाही, हेही सांगायला हवं. सर्दीला गवती चहा, आलं, तुळस. उन्हाळ्यात कोकमाचं सरबत. अजीर्णाला ओवा आणि सुंठ. माझ्या घरात हे सगळं होतं आणि पुढेही होईल. चोर्ला-कणकुंबीच्या रानातली झाडं ओळखणारी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांचं ज्ञान मोलाचं आहे. ते मोलाचं आहे म्हणूनच ते तपासून, नोंदवून ठेवायला हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था दिल्लीत किंवा मुंबईत नाही, आपल्या बेळगावात आहे. ज्या जिल्ह्यात ती संस्था आहे, त्याच जिल्ह्यात नाव-गाव नसलेली पुडी देवळाच्या दारात विकली जाते, याची मला लाज वाटते.

पूरक आहाराचंही, म्हणजे जीवनसत्त्वं-लोहाच्या गोळ्या आणि डब्यांचंही, तसंच. योग्य माणसाला, योग्य वेळी, मोजून दिलेली गोळी आयुष्य बदलते. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं, तर बाळाच्या पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतो. १९९१ साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत, आधी असं मूल झालेल्या आयांमध्ये हा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आपल्याकडे बरीच घरं पूर्ण शाकाहारी आहेत. दूधदुभतं कमी असेल, तर तिथे बी-१२ ची उणीव सहज होते, हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होतं. अशांना ती गोळी किंवा इंजेक्शन खरोखर लागतं. आणि एक गोष्ट तर आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची आहे. गर्भधारणेआधीपासून पोषक पाकीट दिलं तर बाळावर काय परिणाम होतो, याची चार देशांत मिळून एक चाचणी झाली. काँगो, ग्वाटेमाला, पाकिस्तान आणि भारत. भारतातलं ठिकाण होतं बेळगाव परिसर. २०१९ मध्ये निकाल आला. गर्भधारणेआधीपासून किंवा पहिल्या तिमाहीच्या अखेरीपासून पाकीट घेतलेल्या आयांची बाळं जन्मताना जास्त लांबीची होती. आपल्याच भागातल्या बायकांनी त्यात भाग घेऊन जगाला हे उत्तर मिळवून दिलं. पूरक आहार तपासायचा तो असा. कुणाला दिलं, किती दिलं, न दिलेल्यांचं काय झालं, सगळं लिहून ठेवून.

म्हणून तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागते. आशाताई घरोघर लोह-फॉलिक अॅसिडच्या लाल गोळ्या फुकट देतात. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. या गोळ्या कितीतरी घरांत फळीवर पडून असतात, कारण फुकटच्या आहेत, कारण मळमळतं, कारण शौचाला काळं होतं. आणि त्याच घरात बचत गटातून कर्ज काढून हजारोंचे डबे येतात. आशाताईला तुमच्या भवनात दहा मिनिटं बोलायला कधी बोलावलंत का? गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, तिच्यावर लगेच चहा पिऊ नये, लिंबू पिळलेलं काही घेतलं तर लोह जास्त लागू पडतं. एवढं त्या भोंग्यावरून एकदा सांगितलं असतंत, तरी गावाचं भलं झालं असतं.

प्रोटीनच्या डब्यांबद्दल थोडक्यात. तालमीत जाणाऱ्या पोरांना ते विकले जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असं स्पष्ट म्हटलं आहे. हुलगे, शेंगदाणे, डाळ, अंडी, दूध आपल्या बाजारात मिळतं.

चौथी तक्रार त्या एका वाक्याची, जे प्रत्येक शिबिरात ऐकू येतं. नैसर्गिक आहे, अपाय होऊच शकत नाही. होतो. कडू निघालेल्या दुधी भोपळ्याच्या रसानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं कडू रस पिऊ नका म्हणून सांगितलं, ते त्यामुळेच. परसातली बिलंबी (एक आंबट फळ) आमटीत घातली तर आमटीच, पण कोलेस्टेरॉलवर उपाय म्हणून तिचा रस पेलाभर प्यायलेल्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याची उदाहरणं केरळातल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. ज्येष्ठमध महिनोन्‌महिने खाल्लं तर बीपी वाढतं. कोरोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळला. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून मिळून यकृताला इजा झालेल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल काढ्यात गेली असावी. समजा तसंच आहे. मग ओळख पटवलेली नसलेली वेल कुटून भवनात विकणाऱ्याला तर दुप्पट प्रश्न विचारायला हवेत. वनस्पती बदलली की काय होतं, हे बेल्जियममध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं. वजन कमी करायच्या गोळ्यांत एका वनौषधीच्या जागी चुकून दुसरी गेली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली.

मात्रेचंही तेच. स्वयंपाकातली चिमूटभर हळद आणि मिऱ्याचा अर्क घालून रक्तात जास्तीत जास्त शोषली जाईल अशी बनवलेली हळदीची कॅप्सूल, यांत फार फरक आहे. त्या कॅप्सूलनं यकृत बिघडल्याची उदाहरणं आहेत. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट सहसा आठवड्याला एक असतं. ते रोज घेणारी माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, तहान लागते, मूत्रपिंडाला धक्का बसतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायका लोह आणि कॅल्शियम तिच्याबरोबरच गिळतात. मध्ये चार तास गेले नाहीत, तर थायरॉइडची गोळी नीट लागू पडत नाही. साखरेची गोळी चालू असताना वरून साखर उतरवणारं चूर्ण घेतलं, आणि त्या चूर्णात कुणी चोरून ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध घातलेलं असलं, तर रात्री झोपेत साखर उतरते. हे शिबिरात कोण सांगतं?

पाचवी गोष्ट आपल्या भागापुरती आहे. आपण सीमेवर राहतो. पुड्या कधी चंदगड-गडहिंग्लजकडून येतात, कधी गोव्याकडून, कधी इथेच भरल्या जातात. माणूस दोन राज्यांच्या मध्ये सहज नाहीसा होतो. पण औषधांचे, अन्नाचे आणि थेट विक्रीचे हे कायदे केंद्राचे आहेत, सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची खरी यादी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि तारीख असलीच पाहिजे. पूरक आहाराच्या डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक असतो आणि हे औषधी वापरासाठी नाही, अशी सूचनाही असते. ती सूचना इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. जिला ती वाचायची गरज आहे, ती आपली मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिच्यासाठी डब्यावरचं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवं, आणि ते काम मंडळ करू शकतं. घरोघर डबे विकणाऱ्यांनाही २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बांधलं आहे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय दारात यायचं नाही, सदस्य होण्यासाठी पैसे मागायचे नाहीत. आपल्या किती वहिनी-काकींनी सदस्य व्हायला पैसे भरलेत, मंडळात एकदा विचारून बघा.

माझ्या मागण्या या.

कुठल्याही आरोग्य शिबिराला भवन देण्याआधी अर्जासोबत तपासणाऱ्या डॉक्टरची किंवा वैद्याची नोंदणी, मालाचा परवाना आणि एक सीलबंद वेष्टन कमिटीनं घ्यावं. ते नसेल तर भवन नाही. देणगी कितीही असो.

देवळाच्या किंवा पंचायतीच्या भोंग्यावरून कुठल्याही आजारावर गुण येण्याची हमी देणारा पुकारा होऊ नये. तसा ठराव ग्रामसभेत करावा आणि ठराव मराठीत व कन्नडमध्ये भवनाच्या दारावर लावावा.

विक्री झालीच, तर बिलाशिवाय होऊ नये. बिल असलं म्हणजे माणूस सापडतो.

महिला मंडळांनी वर्षातून दोनदा तरी आशाताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावं. घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे पिशवीत घालून बायकांनी यावं, आणि कुठलं कशाबरोबर चालत नाही ते तिथे बघितलं जावं.

कुणाला अपाय झाला तर तो दडपू नये. अब्रू जाते म्हणून माणसं गप्प बसतात आणि विकणारा पुढच्या गावाला जातो. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते, अन्न आणि पूरक आहाराची तक्रार १८००-११२-१०० वर. उरलेली पुडी आणि वेष्टन फेकू नका, तोच पुरावा असतो.

आणि एक मागणी शासनाच्या अन्न, औषध व आयुष खात्यांकडे. सीमाभागात विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या आणि साखरेच्या चूर्णांचे नमुने दर तिमाहीला घेऊन स्टिरॉइड, साखरेची औषधं आणि जड धातूंसाठी तपासा. निकाल गावागावात लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. एखादं चूर्ण त्यात निर्दोष निघालं, तर मी ते माझ्या दुकानात आनंदानं ठेवीन.

शेजारच्या गावातलं शिबिर येत्या रविवारी आहे. कमिटीची बैठक त्याआधी होणार आहे. मी येणार आहे, आणि माझ्या जावेनंही येते म्हणून सांगितलं आहे. तिच्याकडे रिकामी वेष्टनं आहेत, बेळगावच्या रुग्णालयाचे कागद आहेत. ते तुमच्यासमोर ठेवू. मग भवन द्यायचं की नाही, ते तिच्यादेखत ठरवा.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक औषध विक्रेती